लॉक मशीनचं आणि आपलं

‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका.’ लॅबमध्ये ही पाटी ज्याने पाहिली नाही, तो इंजिनिअरिंगला आहे असं मी तरी मानणार नाही!

मी कॉन्व्हेंटची. माझ्या मराठीत चुका सापडल्या तर खुशाल हसा, पण मुद्दा ऐका. लॉक केलेल्या मशीनला शिव्या घालण्यापेक्षा त्यात आधीपासून काय आहे ते शोधावं. आणि शोधताना कुठे थांबायचं, हेही शिकावं. हे दुसरं मी जरा उशिरा शिकले.

फर्स्ट इयरला माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. लॅबमध्ये टर्बो सी++, तेही डॉसबॉक्समध्ये. टर्बो १६-बिटचं, आणि ६४-बिट विंडोज असे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून डॉसबॉक्स जुन्या पीसीचं सोंग घेतो. एकदा ८ चं फॅक्टोरियल काढलं, तर उत्तर -२५२१६! डोकंच फिरलं. घरी फोनवर टर्मक्स टाकलं, क्लँगने तोच प्रोग्रॅम कंपाइल केला, तर बरोब्बर ४०३२०. टर्बोमध्ये इंट २ बाइटचा, ३२७६७ च्या पुढे मावतच नाही. फोनवर तो ४ बाइटचा. पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

मग नादच लागला. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की कन्सोल उघडतो, तिथे जावास्क्रिप्ट चालते. विंडोज १० च्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये सी-शार्पचा एक जुना कंपायलर पडून असतो. काही इन्स्टॉल करायला नको, नोटपॅडमध्ये लिहा आणि कमांड प्रॉम्प्टवरून चालवा.

ही खोड जुनीच आहे म्हणा. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी अल्टेअर कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहिलं, तेव्हा त्यांच्याकडे अल्टेअर नव्हताच. अ‍ॅलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० वर अल्टेअरच्या ८०८० प्रोसेसरची नक्कल केली आणि त्यावर काम झालं. म्हणजे आपल्या डॉसबॉक्ससारखीच युक्ती!

आता माझा पराक्रम. मागच्या सेमिस्टरला लॅबच्या मशीनवर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं ठरवलं. त्यासाठी बायॉसमध्ये शिरून यूईएफआयचं लेगसी केलं. बायॉसला पासवर्ड नव्हता, म्हणजे परवानगीच आहे, अशी स्वतःची समजूत घातली. लिनक्स चाललं. मी खूश होऊन घरी गेले, सेटिंग मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ते मशीन विंडोज सुरूच करेना. एका मुलीची वीस मिनिटं गेली आणि बोलणी खाल्ली लॅबमधल्या काकांनी. दोन दिवसांनी मी जाऊन कबूल केलं. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “त्याच दिवशी सांगितलं असतंस तर?” त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

तेव्हापासून माझा साधा नियम आहे. मशीनवर जे आपल्यासाठी ठेवलंय ते हवं तेवढं पिळा, स्वतःच्या फोनवर वाट्टेल ते करा. पण मी उठल्यावर पुढच्याला मशीन होतं तसंच मिळालं पाहिजे. हे पाळलं तर ती युक्ती, नाहीतर नुसती घुसखोरी. ‘कुलूप नव्हतं’ ही काही सबब नाही.

पण सगळा दोष मुलांच्या माथी नको. एका लॅबवर किती बॅचेस बसतात, व्हायरस कसे पसरतात, हे बघितलं की लॉक का लावलंय ते पटतं. पण कॉम्प्युटर उघडून, बिघडवून पाहिल्याशिवाय इंजिनिअर व्हायचं कसं? लॅबच्या कोपऱ्यात दोन मशीन्स मोकळी ठेवा. त्यावर व्हर्च्युअल मशीन द्या. आम्ही ती बिघडवली तर पुसायची आणि मूळ कॉपीवरून नवी सुरू करायची. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जुनी मशीन्सही चालतील, आम्ही तक्रार करणार नाही.

आणि ती बिघडली, तर त्याच दिवशी येऊन सांगू. काका, हे माझ्याकडून नक्की!