'द्या' मधला आदर इंग्रजीत कुठे जातो?



आपल्या कुठल्याही शाळेत वर्गाच्या दाराशी दोन मिनिटं उभे राहा. उशिरा आलेला मुलगा म्हणतो, 'मे आय कम इन मॅडम?' खरं तर तो 'मेआयकमिन्मॅडम' असा एकच शब्द असल्यासारखं एका दमात म्हणतो. आपण मान डोलावतो, तो आत येतो. आता त्याच मुलाला तुमच्याकडून खडू मागायला सांगा. तो म्हणेल, 'मॅडम, गिव्ह मी चॉक.' अशा वेळी 'प्लीज म्हण' एवढं सांगून मी कित्येक वर्षं मोकळी होत असे.

पण मुलगा उद्धट नसतो. त्याच्या मनात वाक्य असतं 'मॅडम, खडू द्या.' मित्राकडे मागताना तो 'दे' म्हणाला असता. आदर त्या 'द्या' मध्ये आहे. आता 'द्या' चं इंग्रजी काय? गिव्ह. आणि 'दे' चं? तेही गिव्हच! तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून इंग्रजीत एकटा 'यू'. म्हणजे मुलानं मराठीत घातलेला आदर भाषांतर करताना वाटेतच सांडतो आणि त्याला ते कळतही नाही. इंग्रजीत तो आदर बराचसा कॅन, कुड, मे, वुड या साहाय्यकारी क्रियापदांत भरावा लागतो. 'कुड यू गिव्ह मी अ पीस ऑफ चॉक?' यातलं 'कुड यू' म्हणजे आपलं 'द्याल का'. आपण मात्र मोडल ऑक्झिलिअरी हा धडा तक्ता म्हणून शिकवतो. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत 'सक्ती दाखवणारं मोडल वापरा' अशा धाटणीचा प्रश्न येतो, मुलं मस्ट लिहितात, गुण मिळतो, विषय संपतो.

तो कुठे संपत नाही, हे मला एका माजी विद्यार्थिनीनं दाखवलं. ती एका हॉटेलच्या रिसेप्शनवर कामाला लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आली ती रडवेली होऊनच. बाहेरगावच्या एका पाहुण्याला ती म्हणाली होती, 'सर, यू मस्ट शो आधार कार्ड.' खोली तयार नव्हती म्हणून पुढे, 'यू मस्ट वेट.' पाहुण्यानं तक्रार केली, वरिष्ठांनी चारचौघांत सुनावलं की तुला बोलायची रीत नाही. 'मॅडम, ग्रामर तर बरोबर होतं ना?' असं तिनं मला विचारलं.

हो, व्याकरण बरोबर होतं. 'मस्ट म्हणजे पाहिजे' हे तिला मीच शिकवलं होतं. ती मनात म्हणत होती, 'सर, आधार कार्ड दाखवावं लागेल, जरा थांबावं लागेल.' मराठीत 'लागेल' म्हटलं की सक्ती नियमाची होते, बोलणाऱ्याची नाही. मस्ट मध्ये मात्र बोलणाराच हुकूम सोडतोय असं ऐकू येतं. 'कुड आय सी युअर आधार कार्ड, प्लीज?' आणि 'आय अ‍ॅम सॉरी सर, वुड यू माइंड वेटिंग?' ही दोन वाक्यं तिला पुरली असती. ती तिला दहा वर्षांच्या इंग्रजीत कुणीच दिली नव्हती, मीही नाही.

तेव्हापासून मी 'अमुक म्हणजे तमुक' ही पद्धत सोडली. आपला 'पाहिजे' च बघा ना. 'मला रजा पाहिजे' याचं मुलं 'आय वॉन्ट लीव्ह' करतात. मुख्याध्यापकांपुढे ते अंगावर आल्यासारखं वाटतं, तिथे 'कुड आय हॅव लीव्ह टुमॉरो?' हवं. 'रोज वाचलं पाहिजे' हा सल्ला, तिथे शुड. 'हेल्मेट घातलंच पाहिजे' हा नियम, तिथे मस्ट. एका शब्दाची ही तीन तोंडं. आणि 'मस्ट म्हणजे उद्धट' असा नवा नियमही करून ठेवू नका. 'यू मस्ट कम टु द वेडिंग' हे आपल्या 'लग्नाला यायचंच हं!' इतकंच प्रेमाचं आहे.

उलट बाजूनं कॅन घ्या. 'मला पोहता येतं' हे शिकलेलं कौशल्य. 'मी ही पिशवी उचलू शकतो' ही ताकद. 'आजोबांना आता जिना चढवत नाही' ही शरीराची साथ. आपल्याकडे तीन वेगळ्या रचना, इंग्रजीत तिन्हीला कॅन किंवा कान्ट. 'कॅन म्हणजे शकतो' असं शिकलेला मुलगा 'मला सायकल येते' याचं इंग्रजी करताना अडतो, कारण त्यात 'शकतो' दिसतच नाही. याचा उलटा त्रास मराठीलाही होतोय. फोनवरचं मराठी ऐकलंत? 'मी आपली काय मदत करू शकते?' अहो, 'काय मदत करू?' एवढं पुरे की! मुलंही आता 'मी आत येऊ शकतो का?' असं विचारतात. 'आत येऊ का?' कुठे गेलं?

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पुस्तकात असतं की कुड हे कॅन चं भूतकाळी रूप आणि वुड हे विल चं. मग मुलं विचारतात, 'कुड यू हेल्प मी?' मध्ये भूतकाळ कुठला? याचं उत्तर आपल्याच तोंडात आहे. मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दारात आपण काय म्हणतो? 'सर, जरा बोलायचं होतं.' बोलायचं आत्ताच आहे, तरी 'होतं'! 'आहे' म्हटलं की मागणी अंगाशी येते, 'होतं' म्हटलं की ती एक पाऊल मागे सरकते, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. कुड आणि वुड नेमकं हेच करतात. हे वर्गात सांगितलं की मुलांचे चेहरे उजळतात, कारण ती हे रोज बोलत असतात.

असंच 'असेल' चं. प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, 'दमला असाल.' इंग्रजीत 'यू मस्ट बी टायर्ड.' मस्ट म्हणजे पाहिजे एवढंच पाठ असलेला मुलगा याचा अर्थ 'तुम्ही दमलंच पाहिजे' असा लावतो. हसू नका, माझ्या वर्गात लावलाय. खात्रीचा तर्क असेल तर मस्ट बी, नुसता अंदाज असेल तर मे बी किंवा माइट बी. 'बाबा घरीच असणार' आणि 'बाबा घरी असतील' यातला फरक ज्याला कळतो, त्याला हा फरक नवा नाही.

नकारात मात्र सावध राहा, तिथे चूक महागात पडते. 'उद्या यायला नको' म्हणजे गरज नाही, 'यू डोन्ट हॅव टु कम.' मुलं 'यू मस्ट नॉट कम' लिहितात, म्हणजे 'येऊ नकोस, खबरदार'. आमंत्रणाच्या चिठ्ठीत असं लिहिलं तर नातं तुटायचं.

एक गंमत सांगते. मराठीच्या तासाला आपण क्रियापदाचे अर्थ शिकवतो, त्यात विध्यर्थ असतो. 'करावे, जावे' यातून कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा व्यक्त होतात. पुढच्या तासाला इंग्रजीत मोडलची यादी येते, कर्तव्य, शक्यता, इच्छा! बहुतेक शाळांत दोन्ही विषयांचे शिक्षक शेजारी बसून डबा खातात, पण या दोन धड्यांची गाठ कुणी घालून देत नाही.

रचनेबद्दल थोडकंच. साहाय्यकारी क्रियापदानंतर मूळ क्रियापद, त्याला एस नाही, आयएनजी नाही, मध्ये टु नाही. प्रश्नात ते कर्त्याच्या आधी. बस्स. आपलं 'शकतो, शकते, शकतं' लिंगानुसार बदलतं, कॅन कुणासाठीच बदलत नाही. राज्यात २००० पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. मग 'ही गोज' मधल्या एसशी झगडण्याआधी 'ही कॅन जंप' का नको?

पालकांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी घरी एक करता येईल. एकच मागणी तीन माणसांकडे मराठीत करायला लावा, म्हणजे धाकट्या भावाला 'पेन दे', दुकानदाराला 'पेन देता का जरा?' आणि सरांना 'सर, पेन मिळेल का?' फरक मुलांना स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. त्याची इंग्रजी वाक्यं आम्ही वर्गात करून घेऊ. गिव्ह मी, कॅन यू गिव्ह मी, कुड आय बॉरो.

हाच खेळ पाचवीच्या वर्गात घेतला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मॅडम, आपण देवाला तू म्हणतो. मग देवाला कुड यू म्हणायचं का?' तास संपेपर्यंत त्यावर वाद चालला. शेवटी हात वर करायला सांगितलं, तर बहुमत 'गिव्ह मी' च्या बाजूनं गेलं. देव आणि आई, दोघांना.