नरसिंहस्वामींच्या स्मृतिफलकाबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
श्री साईबाबा संस्थान विश्वस्तव्यवस्था, शिर्डी,
ता. राहाता, जि. अहिल्यानगर

विषय : साईबाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या जबान्या नोंदवणारे बी. व्ही. नरसिंहस्वामी यांचा स्मृतिफलक मंदिर परिसरात दर्शनी जागी लावणेबाबत.

महोदय,

आम्ही शिर्डी व राहाता परिसरातील ग्रामस्थ, वाचक व अभ्यासक आपणांस सविनय निवेदन सादर करतो की,

बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला देह ठेवला. त्यानंतर त्यांच्या निकटची माणसे एकेक करून गेली. म्हाळसापती १९२२ साली, काकासाहेब दीक्षित १९२६ साली आणि साईसच्चरितकार दाभोलकर तथा हेमाडपंत १९२९ साली निवर्तले. जे मागे उरले होते, त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच लोपल्या असत्या. त्या १९३६ साली कागदावर उतरवून घेतल्या त्या एका तमिळभाषक गृहस्थाने.

नरसिंहस्वामी पूर्वाश्रमी सेलमचे वकील. शिर्डीत ते प्रथम आले तेव्हा बाबांना जाऊन सुमारे अठरा वर्षे झाली होती. मराठी ही त्यांची भाषा नव्हे. तरीही त्यांनी शिर्डीत आणि बाहेरगावी बाबांच्या सहवासातील माणसे शोधून काढली व त्यांच्या जबान्या घेतल्या. बहुतेक जबान्यांत साक्षीदाराचे नाव आहे, सोबत वय, व्यवसाय, गाव व तारीख अशा नोंदी आहेत. कोर्टातले टाचण असते तसाच हा प्रकार. दासगणूंसारख्या नामवंतांबरोबर गावातल्या साध्या माणसांनाही त्यात जागा मिळाली.

उदाहरणादाखल अब्दुलबाबांची डिसेंबर १९३६ मधील जबानी पाहावी. नांदेडकडून तरुणपणी शिर्डीत आलेला हा सेवेकरी मशिदीत झाडलोट करी, दिवे लावी, पाणी भरी, बाबांचे कपडे धुई आणि त्यांच्याजवळ बसून कुराण वाची. त्या मशिदीतला, म्हणजेच द्वारकामाईतला, रोजचा दिवस कसा जाई, हे त्याच्याच तोंडून कळते. अब्दुलबाबा १९५४ साली गेले. माधवराव देशपांडे तथा शामा १९४० साली आणि तात्या कोते पाटील १९४५ साली गेले. हे काम आणखी दहा वर्षे लांबले असते, तर विचारायला फारसे कोणी उरले नसते.

या जबान्या पुढे मद्रासहून इंग्रजीत ग्रंथरूपाने निघाल्या आणि नंतर स्वामींनी चार खंडांचे साईचरित्रही लिहिले. साईसच्चरिताचे पारायण घरोघरी होते, ते योग्यच आहे. पोथीने भक्ती जागवली, या जबान्यांनी गावाचा इतिहास राखला. दक्षिणेत बाबांचे नाव पोचवणारे म्हणून स्वामींना तिकडे मान आहे. शिर्डीचे इतिहासकार म्हणून त्यांचा मान शिर्डीनेच करायला हवा.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. नरसिंहस्वामींचा कायमस्वरूपी दगडी फलक दर्शनी जागी लावावा. आवारात त्यांच्या नावाची नोंद आधीच कोठे असल्यास तीही भाविकांच्या नजरेस येईल अशी मांडावी. जागा ठरवताना दर्शनरांगेस अडथळा होऊ नये.

२. फलकावरील मजकूर मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी व इंग्रजीत असावा. त्यात चमत्कारांची वर्णने न देता त्यांनी केलेले काम नेमक्या शब्दांत सांगावे. मसुदा असा असावा : "बी. व्ही. नरसिंहस्वामी (१८७४–१९५६). साईबाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या स्त्री-पुरुषांच्या जबान्या यांनी १९३६ साली नोंदवून ठेवल्या."

३. मजकूर कोरण्यापूर्वी नावे व तारखा जाणकारांकडून तपासून घ्याव्यात. दगडावरची चूक सहजासहजी पुसता येत नाही.

४. या जबान्यांची मराठी आवृत्ती संस्थानाच्या ग्रंथविक्री केंद्रात अल्प दरात कायम उपलब्ध ठेवावी. ज्यांच्या पणजोबांनी साक्ष दिली, त्यांना ती आपल्या भाषेत वाचता यावी.

५. संस्थानाच्या संग्रहातील जुनी कागदपत्रे, छायाचित्रे व 'साईलीला' मासिकाचे आरंभीचे अंक अभ्यासकांना पाहता येतील अशी सोय करावी.

स्वामींचे निधन १९ ऑक्टोबर १९५६ रोजी झाले. येत्या १९ ऑक्टोबरला फलकाचे अनावरण व्हावे, यासाठी हा विषय व्यवस्थापन समितीच्या आगामी बैठकीत घ्यावा व झालेला निर्णय आम्हांस लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
शिर्डी व राहाता परिसरातील ग्रामस्थ, वाचक व अभ्यासक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव :
१. मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
२. मा. मुख्याधिकारी, शिर्डी नगरपरिषद