जमिनीचे मोल

जमीन विकून आलेला पैसा घरात टिकत नाही, असे खेड्यापाड्यांतील वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. त्यांच्या सांगण्यात अनुभव आहे, यात शंका नाही. परंतु त्यामागचे म्हणून जे कारण दिले जाते, ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. शेतकऱ्याला पैसा सांभाळता येत नाही; हाती रक्कम आली की तो मोटार घेतो, लग्नकार्यात उधळपट्टी करतो, आणि दहा वर्षांनी आपल्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दाराशी पहारेकरी होतो, असे शहरातील लोक सहज बोलून जातात. दोष एकदा स्वभावाचा ठरवला की पुढे विचार करण्याचे श्रम वाचतात. पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथे जे घडले ते पाहिले, तर हा दोष स्वभावाचा कमी आणि व्यवहाराच्या रीतीचा अधिक आहे, असे दिसून येते.

हडपसर हे सोलापूरच्या रस्त्यावरील एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथूनच दिवेघाटाकडे वळते आणि तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरची वाट धरते. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासला धरणाचा कालवा या शिवारातून वाहत आला, आणि त्याच्या पाण्यावर येथे ऊस आणि भाजीपाला पिकू लागला. पुढे कारखाने आले. १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी येथलीच; १९६६ साली सुरू झालेली आणि आज जगभर लसी पाठवणारी सीरम इन्स्टिट्यूटही येथलीच. कारखान्यांमागोमाग वस्ती वाढली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर शहर शेताच्या बांधाला येऊन भिडले.

शहर जवळ आले की सर्वांत आधी येतो तो दलाल. तो साऱ्या गावाशी एकदम बोलत नाही. एकेकाला निराळे गाठतो. रस्त्यालगतची जमीन तो आधी घेतो. मग मागच्या शेताला वाट उरत नाही आणि त्याचा भाव आपोआप पडतो. शेजाऱ्याला काय मिळाले हे शेजाऱ्याला ठाऊक नसते. असे पाच-पंचवीस तुकडे जोडले गेले म्हणजे त्या सलग जमिनीचे मोल सुट्या तुकड्यांच्या बेरजेहून कितीतरी अधिक होते. पण ते वाढलेले मोल जोडणाऱ्याच्या पदरात पडते, तुकडा विकणाऱ्याच्या नव्हे. खरा तोटा येथे आहे. मोटार आणि लग्न या नंतरच्या गोष्टी.

दुसरेही एक कारण आहे. शेत दर हंगामाला थोडे थोडे देते. विक्रीची रक्कम एकदाच येते. कचेरीत नोकरी करणाऱ्या एखाद्या शहाण्या गृहस्थाला त्याचा चाळीस वर्षांचा पगार एकाच सकाळी मोजून दिला आणि उद्यापासून कामावर येऊ नका असे सांगितले, तर तो तरी दहा वर्षांनी कोठे असेल?

हडपसरच्या मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांनी निराळी वाट धरली. तेथे सुमारे १२० कुटुंबांची मिळून सुमारे ४०० एकर जमीन होती, आणि बहुतेक कुटुंबे मगर आडनावाची होती. सतीश मगर यांच्या पुढाकाराने या कुटुंबांनी आपापली जमीन वेगवेगळी न विकता एकत्र केली व स्वतःचीच एक कंपनी स्थापन केली. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे भाग. दोन एकरवाल्याला जेवढे भाग, त्याच्या दुप्पट चार एकरवाल्याला. भाग बाहेरच्या माणसाला विकावयाचे नाहीत, असेही ठरले. २००० सालाच्या सुमारास बांधकामास आरंभ झाला. घरे उभी राहिली, तसेच कार्यालयांच्या मोठ्या इमारतीही उभ्या राहिल्या. घर एकदाच विकले जाते, कार्यालयाचे भाडे मात्र वारंवार येते. म्हणजे शेताचा हंगाम एका वेगळ्या रूपाने चालू राहिला. शिवाय बांधकामाचे साहित्य पुरवणे, वाहतूक करणे अशी कामे अनेक कुटुंबांतील तरुणांनी शिकून अंगावर घेतली. जमीन गेली, पण काम गेले नाही.

यांतील सर्वांत अवघड गोष्ट कोणती, असे विचारले तर कोणी भांडवल म्हणेल, कोणी सरकारी परवानग्या म्हणेल. त्याही सोप्या नव्हत्याच. पण महाराष्ट्रातील शेतकऱ्याला जो ओळखतो, तो बांधाचे नाव घेईल. हातभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. तालुक्याच्या कोर्टात बापाने लावलेला दावा मुलगा पुढे चालवतो. अशा मुलखात शंभराहून अधिक कुटुंबांनी आपले बांध आपल्या हाताने पुसून टाकले. ही सारी एकाच भावकीची माणसे होती म्हणून हे साधले, असे काही जण म्हणतात. हे म्हणणे पुरते पटत नाही. भाऊबंदकी हा शब्द मराठीत प्रेमाच्या अर्थाने क्वचितच वापरला जातो! नाते जवळचे असल्याने विश्वास आपोआप उपजत नाही. तो हिशोब सर्वांपुढे मांडल्यानेच उपजतो. पुढे सिंहगड रस्त्यावरील नांदेड गावच्या शेतकऱ्यांनीही याच धर्तीवर आपल्या जमिनी एकत्र केल्या. तेथे तर सर्वांचे आडनाव एक नव्हते.

या उद्योगावर आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. कालव्याच्या पाण्याखाली आलेली काळी जमीन एकदा इमारतींखाली गेली की परत येत नाही, हा एक आक्षेप. तो खरा आहे. मात्र ती जमीन सुटी विकली गेली असती तरी इमारतींखालीच गेली असती, एवढे त्यावर म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जमिनीच्या प्रमाणात भाग, या नियमाने ज्याच्यापाशी जमीन नाही त्याच्यापाशी भागही नाही. ऊस लावणारे, भाजी खुरपणारे, पाणी देण्यासाठी रात्री जागणारे मजूर अशा हिशोबात कोठेच येत नाहीत. हा दोष एकट्या हडपसरचा नव्हे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांतही सभासद असतो तो ऊस पिकवणारा. बीडकडून दर वर्षी कोयता घेऊन येणारा ऊसतोड कामगार नव्हे. जमीन मोजण्यास साखळी आहे, सात-बाराचा उतारा आहे. त्या जमिनीवर खर्ची पडलेल्या श्रमांचा उतारा कोठल्याही तलाठ्याकडे मिळत नाही. तो मिळत नाही म्हणून ते श्रम नव्हतेच, असे मानणे हा मात्र अन्याय होय.

सरकार जमीन संपादन करते तेव्हा याचा विचार व्हावा, असे कायद्याने अलीकडे मान्य केले. १८९४ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१३ साली जो नवा कायदा झाला, त्यात संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर राबून पोट भरणाऱ्या भूमिहीन मजुराचे कुटुंबही बाधित कुटुंब म्हणून धरले आहे. मगरपट्ट्याचे काम त्यापूर्वी तेरा वर्षे सुरू झाले, आणि तेथील जमीन सरकारने घेतलेली नव्हती. मालकांनी ती आपण होऊन एकत्र केली होती. तेव्हा मजुरांसाठी काही राखून ठेवावे की नाही, हे ठरवणे कायद्याच्या नव्हे, तर सर्वस्वी मालकांच्याच हाती होते. पुण्याभोवतालच्या ज्या गावांत आज जमिनी एकत्र करण्याच्या बैठका भरतील, तेथेही हा प्रश्न मालकांच्याच पुढे येईल. आणि ज्यांच्याविषयी तो आहे, ती माणसे बहुधा त्या बैठकीला बोलावलेली नसतील.