गाडीतील ऐब आणि ग्राहकांची एकी

विकाऊ मालातील ऐब लपवू नये, ही शिकवण आम्हा व्यापाऱ्यांना नवी नाही. मदीनेच्या बाजारात प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आमच्या मुलांनाही ठाऊक आहे. खरेदीनंतर लपलेला दोष उघड झाला तर माल परत करण्याच्या ग्राहकाच्या हक्काला फिकहमध्ये ‘खियारे ऐब’ म्हणतात. कापडाच्या पेढीवर हे रोजचेच आहे. तागा उलगडल्यावर डाग निघाला की आम्ही तागा बदलून देतो, नाहीतर भावात सूट देतो. मात्र हाच व्यापारी लाखो रुपये मोजून गाडी घेतो आणि तिचा गिअरबॉक्स वर्षात तीनदा उघडावा लागतो, तेव्हा तो वर्कशॉपच्या बाकावर मुकाट बसून राहतो. असे का व्हावे?

कारण तेथे तो एकटा असतो. आमच्या टेम्पोचा गिअर वारंवार सुटू लागला तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे, तुमचा ड्रायव्हर क्लच नीट दाबत नाही. आम्ही ते खरे मानून ड्रायव्हरला चार शब्द सुनावले. पुढे एका जुम्म्याला मशिदीबाहेर गोष्ट निघाली, तेव्हा कळले की त्याच मॉडेलच्या आणखी तीन गाड्यांना तोच रोग आहे आणि तिघांनाही तेच उत्तर मिळाले आहे. ड्रायव्हरची आम्ही माफी मागितली. पण तोवर वॉरंटी संपली होती, आणि आमच्याजवळ तक्रारीचा एकही लेखी कागद नव्हता.

हाच प्रकार ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर घडला. फोर्ड कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांतील ‘पॉवरशिफ्ट’ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालताना थरथरत असे. दोष गाडीचा नसून चालवण्याच्या पद्धतीचा आहे, असे अनेक मालकांना सांगण्यात आले. पैसे परत मागणाऱ्यांपैकी कित्येकांना, आणखी रक्कम भराल तरच दुसरी गाडी मिळेल, असे उत्तर मिळाले. परंतु मालक गप्प बसले नाहीत. तक्रारी सरकारच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाकडे साचत गेल्या. आयोग कोर्टात गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. मालकांनी सामुदायिक दावाही लावला होता. त्यात २०२१ मध्ये कोर्टाने निर्णय दिला की, या गाड्या कायद्याला अपेक्षित दर्जाच्या नव्हत्या. भरपाई कशी मोजावी याचा वाद पुढेही चालला, हे खरे. पण ‘दोष तुमच्या चालवण्यात आहे’ हे उत्तर मात्र कोर्टात टिकले नाही.

आपल्या देशातही कायदा अगदीच दुबळा नाही. २०१२ पासून कारखानदारांच्या संघटनेची गाड्या परत बोलावण्याची ऐच्छिक पद्धत होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले. प्रवाशांना, रस्त्यावरील लोकांना किंवा पर्यावरणाला धोका होईल असा दोष असेल आणि ठराविक प्रमाणात मालकांनी तो कळवला, तर केंद्र सरकार त्या जातीच्या सर्व गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. म्हणजे येथे तक्रारींची संख्याच बोलते. जो मालक कळवत नाही, तो आपल्यासारख्या दुसऱ्या मालकाचेही नुकसान करतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एकाच दोषाने गांजलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

व्यापारी बांधवांनी येथे एक अट नीट समजून घ्यावी. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ग्राहक ठरत नाही. सूट आहे ती स्वतःच्या मेहनतीवर पोट भरणाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे की, उदरनिर्वाहासाठी स्वतः रिक्षा किंवा ट्रक चालवणारा ग्राहकच आहे. आपला माल स्वतः गाडीतून बाजारात नेणाऱ्या कारागिरानेही याच आधारावर आपला हक्क मांडावा. आमचा टेम्पो पगारी माणूस चालवतो, त्यामुळे हा दरवाजा आम्हाला जवळपास बंदच आहे. आमच्यासारख्यांना सरकारकडे दोष कळवणे आणि १९३० च्या मालविक्री कायद्याखाली दिवाणी कोर्ट, हे दोन मार्ग उरतात.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. गाडी वर्कशॉपमध्ये टाकताना दोष जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यावा आणि त्याची प्रत जपावी. तोंडी आश्वासनावर गाडी परत घेऊ नये. प्रत्येक बाजारपेठेच्या व्यापारी संघटनेने एक वही ठेवावी आणि गाडीचे मॉडेल, खरेदीची तारीख, दोष व मिळालेले उत्तर तीत नोंदवावे. दहा-वीस नोंदी जमल्या की सर्वांच्या सहीने कंपनीला रजिस्टर पत्र पाठवावे आणि एक प्रत परिवहन खात्याला द्यावी. उधारीची वही आम्ही एवढ्या काळजीने ठेवतो, मग ही का ठेवू नये?

आणि एक गोष्ट विसरू नये. कारखानदाराला ज्या तराजूने आम्ही तोलणार, तोच तराजू आमच्या पेढीवरही असला पाहिजे. पहिल्या धुण्यात रंग सोडलेले कापड घेऊन एखादी भगिनी दुकानात आली, तर ‘तुम्ही धुतलेच चुकीचे’ असे म्हणण्यापूर्वी वर्कशॉपचा तो बाक आठवावा.