‘पडीक’ कोणाच्या लेखी? ताना नदीचा धडा

ताना ही केनियातील सर्वांत लांब नदी. ती हिंदी महासागराला मिळते तिथे गवताळ कुरणे, तळी आणि खारफुटीचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. पूर ओसरला की पोकोमो शेतकरी तिथल्या गाळात भात पिकवतात. कोरड्या महिन्यांत ओर्मा पशुपालक गुरे घेऊन तिथेच येतात. प्रकल्पवाल्यांना मात्र ही जमीन रिकामी दिसली. २००८ मध्ये तिथे सुमारे २०,००० हेक्टरवर ऊस लावून साखर आणि इथेनॉल काढण्याच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. पुढे एका कॅनेडियन कंपनीने जैवडिझेलसाठी मोगली एरंड लावण्याची योजना आणली.

इंधन ‘हरित’, म्हणून प्रकल्पही हरित, असा हा युक्तिवाद. पण पाणथळ जमीन कोरडी केली की मातीत साठलेला कार्बन हवेत जातो आणि दुष्काळातले शेवटचे कुरणही जाते. कुरण आणि पाणी आटले की गरीब गरिबाशी भिडतो. २०१२-१३ मध्ये या दोन समाजांतील हिंसाचारात शंभराहून अधिक माणसे मेली. त्यामागे राजकारणही होते, पण पाणी आणि चराईचा जुना वाद मुळाशी होताच.

स्थानिक लोक न्यायालयात गेले. २०१२ मध्ये हा प्रदेश रामसर यादीत आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या सहभागाने जमीन-वापराचा आराखडा करण्याचा आदेश दिला. उसाचा तो मळा उभा राहिला नाही.

हे आम्ही का सांगतो? भारताच्या २००९ च्या जैवइंधन धोरणातही मोगली एरंडासाठी ‘पडीक’ जमीनच धरली होती. हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह झाले. तेव्हा ‘पडीक’ म्हणजे राबणाऱ्याचा हक्क होता. आज तोच शब्द कंपनीला वाट मोकळी करून देतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे: आपल्या गावचे गायरान, तळे, पाणथळ जागा यांची कागदोपत्री नोंद काय आहे ते तपासा. तिथे कोण गुरे चारते, कोण मासे धरते, कोण कसते, याची यादी करा आणि ती ग्रामसभेच्या ठरावात आणा. प्रकल्प येण्याआधी हा कागद तयार हवा. नंतर तो करायला उशीर होतो.