‘वैमानिकाची चूक’

१५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले. यवतमाळ जिल्ह्यातील एका तान्ह्या मुलीसह सातही जण मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच मार्गावर, याच कंपनीच्या हेलिकॉप्टरात सात जीव गेले होते. अशा वेळी ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द फार सोयीचे ठरतात.

केदारनाथ सुमारे ३५८० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. अरुंद दरीत ढग शिरला की क्षितिज हरपते. मग कानातील तोलाची जाणीवच वैमानिकाला फसवते, कललेले यंत्र त्याला सरळ भासते आणि काही क्षणांत ताबा सुटतो. यावर खात्रीचा उपाय एकच : उड्डाण न करणे.

पण नकाराची किंमत कोण भरतो? यात्रेचा हंगाम जेमतेम सहा महिन्यांचा, त्यात पावसाळ्याचा खंड, भाडे आसनागणिक. मालकाचे उत्पन्न फेऱ्यांवर उभे आहे. या व्यवस्थेत वैमानिकाला सावधगिरीची व्याख्याने देणे म्हणजे यंत्राला जाळी न बसवता कामगाराला ‘हात सांभाळ’ म्हणण्यासारखे आहे. (वैमानिक स्वतःला कामगार मानीत नाहीत, हा भाग निराळा.)

अपघातानंतर सेवा दोन दिवस थांबविण्यात आली. तेवढ्याने भागणार नाही. उड्डाण नाकारणाऱ्याचा पगार व नोकरी कायद्याने सुरक्षित हवी, आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीत त्या आठवड्याच्या फेऱ्यांची नोंदवही सर्वांत आधी ताब्यात घेतली पाहिजे.