मलेरियातून वाचलेल्या मुलांचे पुढे काय?

मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध पडलेले मूल डोळे उघडते, आईला ओळखते, काही दिवसांत चालू लागते आणि घरी जाते. दप्तरी नोंद होते : रुग्ण बरा. युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, संशोधकांनी अशा मुलांचा माग पुढेही ठेवला. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. दोन वर्षे उलटल्यावरही साधारण चारांतल्या एका मुलाची आकलनशक्ती मागे पडलेली होती. त्याच वस्तीतल्या निरोगी मुलांत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आत होते. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीने बाधलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात. बेशुद्धी जितकी लांबते, झटके जितके जास्त येतात, तितका धोका वाढतो. अशा मुलाला वर्गात लक्ष लागत नाही, सांगितलेले आठवत नाही. मास्तर त्याला आळशी ठरवतात. आजाराचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही.

युगांडातल्याच संशोधकांनी उपायही करून पाहिला. आठ आठवड्यांत सोळा वेळा मुलांना संगणकावर लक्ष आणि स्मरणशक्तीचे खेळ दिले. काही चाचण्यांत मुले सुधारली. एवढ्यावरून हा रामबाण उपाय ठरत नाही, आणि तसे कोणी सांगू नये. पण या मेंदूंना सराव देता येतो, हे दिसले. वाट पाहत बसण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

गंभीर मलेरियात क्विनिन या औषधाच्या जागी आर्टेसुनेट दिल्यास अधिक मुले वाचतात, हे आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांच्या चाचणीने २०१० साली दाखवले. मुले वाचू लागली, तशी त्यांच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारीही वाढली. आपल्या गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात, हाच फाल्सिपॅरम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी आधीच समाविष्ट आहे, त्यामुळे नवी योजना काढण्याची गरज नाही. झटके येऊन वा बेशुद्ध होऊन दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव रुग्णालयाने सोडतानाच या कार्यक्रमाच्या पथकाला आणि त्याच्या शाळेला कळवावे, सहा महिन्यांनी व वर्षाने त्याची तपासणी व्हावी. आरोग्य खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी एवढा आदेश काढावा.